निळे बगळे काहून हरले

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात सबबींचा रवींद्र खानझोड्यांइतका कट्टर वैरी दुसरा नव्हता, आणि त्यांना पगारही त्याचाच मिळत होता. मोटारीच्या सीटखाली जे लोखंडी ब्रॅकेट असतं, ते बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटी मॅनेजर होते. बाहेरून आलेला माल खराब निघाला की पाठवणाऱ्याला फोन लावायचा आणि 'असं का झालं' हे पाच वेळा विचारायचं, ही त्या धंद्यातली जुनी पद्धत. पहिल्या 'का'ला माणूस थाप मारतो, दुसऱ्याला दुसऱ्याचं नाव सांगतो, तिसऱ्याला हवामानावर जातो, चौथ्याला गप्प होतो आणि पाचव्याला खरं बोलतो, असा खानझोड्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. फोनवर ते 'व्हाय' म्हणत. पण समोरचा फारच गोल गोल बोलायला लागला की अमरावतीचं 'काहून' तोंडातून निसटायचं. ओहायोतल्या एका कारखान्यात तर त्यांना पाठीमागं 'मिस्टर काहून' म्हणत असत.

एकदा एका सप्लायरनं सांगितलं की बर्फामुळं ट्रक अडकला. तारीख होती एकोणीस जानेवारी. खानझोडे शांतपणे म्हणाले, "मिशिगनमध्ये जानेवारीत बर्फ पडतो, हे तुम्हाला कधी समजलं?" 

हेच खानझोडे शनिवारी दुपारी दोन वाजता निळी कानटोपी घालून वॉलेस फोर्क कॉलेजच्या जिममध्ये बसले की वेगळाच माणूस व्हायचे.

वॉलेस फोर्क हे घरापासून पंचवीस मिनिटांवरचं छोटं कॉलेज. त्यांच्या बास्केटबॉल टीमचं नाव 'ब्लू हेरन्स', म्हणजे निळे बगळे. खानझोड्यांच्या पत्नी आसावरीबाई नुसतं 'बगळे' म्हणायच्या. मुलगी अनिका या कॉलेजात शिकत असताना बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. तिला बघायला म्हणून दोघं नवराबायको मॅचला जायला लागले. अनिका २०२१ साली पदवी घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला नोकरीला गेली, आसावरीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि खानझोडे मात्र जातच राहिले. बँडच्या मागची तिसरी रांग, पाच नंबरची खुर्ची. शेजारी वॉल्ट नावाचे शहात्तर वर्षांचे गृहस्थ. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले.

बगळे हरायचे. साधेसुधे नाही, २०२३-२४च्या त्या हंगामात तेवीस सामन्यांत चार जिंकले होते, आणि त्या चारांतल्या एकात समोरच्या टीमची बस बंद पडून तिचे निम्मे खेळाडू मध्यंतरानंतर पोचले होते. कोच डग वेस्टरहौस यांचं हे सहावं वर्ष. पहिल्या वर्षी आधीच्या कोचनं तयार केलेल्या पोरांनी अठरा सामने जिंकले. तिथून जी उतरंड लागली ती थांबेना.

पण तिसऱ्या रांगेत कोचचा दोष कुणालाच दिसत नव्हता.

"मैदानाला नवीन व्हार्निश मारलंय," वॉल्ट म्हणायचे. "पाय घसरतात पोरांचे."

"पण मैदान दोघांनाही तेच ना?" अशी शंका कुणी काढलीच, तर खानझोडे सांगायचे, "पाहुण्यांना घसरायची सवय असते. ते वेगवेगळ्या मैदानांवर खेळतात."

कधी पोरांना फ्लू झालेला असायचा. कधी परीक्षा. कधी वेळापत्रक बनवणारे लोक मुद्दाम वाईट वागलेले असत. एका सामन्यात बगळ्यांचे एकवीस फ्री थ्रो चुकले. म्हणजे समोर कुणी अडवायला नसताना, निवांत उभं राहून टाकायचे एकवीस चेंडू बाहेर गेले. त्या दिवशी वॉल्टनी जिमच्या हीटिंगवर संशय घेतला. खानझोड्यांनी घरी जाऊन चेंडूतल्या हवेचा दाब तापमानानुसार किती बदलतो याचं गणित मांडलं. उत्तर नगण्य आलं. मग त्यांनी तापमान थोडं वाढवून बघितलं.

आसावरीबाई हे सगळं टेबलापलीकडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला. आमटीत मीठ जास्त पडलं तर मला कधी व्हार्निशचा फायदा मिळाला नाही."

"आमटीचं वेगळं आहे. ती तू एकटी करतेस," खानझोडे म्हणाले, आणि त्या रात्रीची आमटी त्यांनी स्वतः केली.

जानेवारीत त्यांनी यतीनला मॅचला नेलं. यतीन पुण्याचा, कामाच्या व्हिसावर आलेला, त्यांच्याच हाताखाली क्वालिटीत लागलेला मुलगा. इंग्रजीत तो त्यांना 'रवी' म्हणायचा आणि मराठीत 'काका'. काका रागावलेले असले की सुरक्षित म्हणून मराठीतच बोलायचा. बगळे त्या दिवशी एकतीस गुणांनी हरले. यतीन दोन तास काकांचं बोलणं ऐकत होता. एवढा समजूतदार माणूस त्यानं ऑफिसात कधी बघितला नव्हता.

सोमवारी मीटिंग होती. एका सप्लायरच्या ब्रॅकेटची भोकं दोन मिलिमीटर सरकलेली निघाली होती.

"भोकं काहून सरकली?" खानझोड्यांनी विचारलं. सुरुवातच 'काहून'नं झाल्यामुळं खोलीतले सगळे ताठ बसले.

"काका," यतीन म्हणाला, "मी त्यांच्याशी बोललो. त्यांचं हे रीबिल्डिंग इयर आहे."

"काय आहे?"

"म्हणजे नवीन टीम आहे. पोरं मेहनत घेतायत. मशिन चालवणाऱ्याला फ्लू झाला होता. आणि फ्लोअरला नुकतंच व्हार्निश मारलंय."

खानझोड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाकीच्या अमेरिकन मंडळींना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं घडलंय हे कळलं. "मीटिंग दुपारी घेऊ," खानझोडे म्हणाले, आणि उठून गेले. यतीन दिवसभर आपल्या व्हिसाचा विचार करत बसला. संध्याकाळी काका त्याच्या टेबलापाशी आले आणि एवढंच म्हणाले, "व्हार्निशचं खरं आहे. तू हात लावून बघ कधी."

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजचं ईमेल आलं. टीमच्या पुढच्या वाटचालीबद्दल तिकीटधारकांचं म्हणणं ऐकायचंय, रविवारी सकाळी अकरा वाजता जिममध्ये यावं. 'पुढची वाटचाल' म्हणजे कोचला काढायचा घाट, हे ऑटोमोबाइलच्या धंद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वॉल्टचा फोन आला. "रवी, तू इंजिनिअर आहेस. आपल्या रांगेच्या वतीनं तू बोल. नीट रिपोर्ट बनव. आकडे बघितले की हे लोक ऐकतात."

खानझोड्यांना ते पटलं. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून ते बसले. समोर टॅबलेटवर रेडमंडहून अनिका. ती डेटाचंच काम करायची, आणि बाबांसाठी तिनं सहाही वर्षांच्या सामन्यांची मिनिटामिनिटाची नोंद उतरवून ठेवली होती.

खानझोड्यांनी ऑफिसातलाच फॉर्म घेतला. वर लिहिलं: बगळे हरतात. खाली पाच 'का'.

का हरतात? अटीतटीचे सामने शेवटच्या मिनिटात जातात. का जातात? शेवटचा चेंडू बास्केटात पडत नाही. का पडत नाही? टाकणाऱ्याला समोरचे तिघं घेरतात. तिघं का घेरतात? चेंडू कुणाकडं जाणार हे त्यांना आधीच माहीत असतं. का माहीत असतं?

इथं खानझोड्यांचा हात थांबला. कारण उत्तर त्यांनाही माहीत होतं. वेळ संपत आली की कोच डग अंगठा वर करायचे. अंगठा म्हणजे चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या सगळ्यात उंच मुलाकडं. सहा वर्षांत तो अंगठा बदलला नव्हता. हल्ली समोरच्या टीमच्या पाण्याच्या बाटल्या देणारी माणसंसुद्धा अंगठा वर झाला की डाव्या कोपऱ्याकडं मान वळवायची.

"बाबा, थर्टी-एट टाइम्स," अनिका म्हणाली. "ही डिड इट थर्टी-एट टाइम्स. इट वर्क्ड फोर."

"हे नको. दुसरीकडून सुरू करू," खानझोडे म्हणाले.

फ्लूपासून सुरुवात केली. फ्लूनं एवढा फरक का पडला? सहाच मुलं खेळतात म्हणून. सहाच का? बाकीच्यांना कोच उतरवतच नाहीत. हा रस्ताही तिथंच आला. मग बसपासून केली. परगावच्या सामन्याला बस उशिरा का पोचली? वाटेत थांबली. का थांबली? पॅनकेक खायला. का? पहिल्या वर्षी त्या हॉटेलात पॅनकेक खाल्ले त्या दिवशी टीम जिंकली होती, म्हणून कोच दर वेळी तिथं थांबवतात. शेवटी खानझोड्यांनी खुद्द व्हार्निशपासून सुरुवात केली, तर अनिकानं शोधून काढलं की ऐन हंगामात व्हार्निश मारायची तारीखही कोचनीच ठरवली होती.

अकरा वाजेपर्यंत चार फॉर्म भरले होते आणि चारींच्या तळाशी एकच नाव होतं. खानझोड्यांनी आयुष्यात शेकडो लोकांना त्या पाचव्या ओळीपर्यंत आणून सोडलं होतं. तिथं स्वतः उभं राहायला कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं.

"बाबा, कॅन आय आस्क समथिंग?" अनिका म्हणाली. "व्हाय डू यू केअर सो मच अबाउट धिस गाय?"

खानझोडे शेवटचा फॉर्म पुन्हा वर-खाली करायला लागले. आसावरीबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनी मान वर केली.

"सांग ना," त्या म्हणाल्या. "काहून?"

अठ्ठावीस वर्षांत ठाण्याच्या आसावरीबाईंनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला. खानझोड्यांनी लॅपटॉप मिटला.

"एकवीस साली, ऑक्टोबरात, माझी नोकरी गेली होती," ते म्हणाले.

"नोव्हेंबरात," आसावरीबाई म्हणाल्या.

"तुला नोव्हेंबरात सांगितली. गेली ऑक्टोबरात."

कोथिंबिरीची जुडी टेबलावर आली. गाड्यांतल्या कॉम्प्युटरच्या चिप मिळत नव्हत्या, म्हणून गाड्या बनत नव्हत्या, आणि जुन्या कंपनीनं एका सकाळी चौदा जणांना घरी पाठवलं होतं. घरी सांगायचं धाडस खानझोड्यांना झालं नाही. रोज सकाळी ते लॅपटॉपची बॅग आणि डबा घेऊन निघायचे. लायब्ररीत जावं तर तिथं ओळखीच्या रेखा वहिनी काम करायच्या. कॉफी शॉपमध्ये जावं तर ट्रॉयमधल्या कुठल्याही कॉफी शॉपच्या दुसऱ्या टेबलावर महाराष्ट्र मंडळातलं कुणीतरी बसलेलं. जिथं एकही मराठी माणूस येणार नाही अशी जागा पंचवीस मैलांत एकच होती. बगळ्यांचा सराव कुणालाही बघता यायचा. ते जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे.

"तीन दिवस कुणी काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी कोच वर आले. मला वाटलं, हाकलतात आता. त्यांनी माझ्या बॅगेकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि हातात एक क्लिपबोर्ड दिला. म्हणाले, फ्री थ्रो मोजायला माणूस नाही माझ्याकडं, तुम्ही मोजाल का? गेलेले वेगळे, चुकलेले वेगळे. तीन आठवडे मी मोजत होतो. रोज सराव संपला की ते कागद घ्यायचे, नीट वाचायचे, आणि 'उद्या या' म्हणायचे. त्या दिवसांत मला 'उद्या या' म्हणणारा दुसरा कुणी नव्हता."

टॅबलेटवर अनिकानं तोंडावर हात ठेवला होता. आसावरीबाईंचा चेहरा मात्र लाल झाला होता.

"तीन आठवडे मी सकाळी साडेसहाला उठून डबा करत होते," त्या म्हणाल्या. "आणि तू जिममध्ये बसला होतास."

"डबा चांगला असायचा."

"तू एकट्यानं खाल्लास?"

"अर्धा कोच खायचे."

"काय?"

"थालीपीठ त्यांना फार आवडायचं. रोज विचारायचे, आज कसलं आहे?"

आसावरीबाई उठल्या, वर गेल्या आणि दुपारपर्यंत खाली आल्या नाहीत. नोकरी गेल्याचं न सांगणं ही एक गोष्ट होती. पण परक्या माणसाला माहीत आणि आपल्याला नाही, ही दुसरी. दुपारी खाली येऊन त्यांनी स्वतःपुरता चहा केला. संध्याकाळी दोघांपुरता केला. रात्री झोपताना म्हणाल्या, "उद्या मी येणार आहे. मला बघायचंय हा माणूस."

रविवारी जिममध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि अकरा माणसं आली होती. समोर स्पोर्ट्स डायरेक्टर बाई, हातात पेन. सगळ्यात मागं, दाराजवळ, निळा स्वेटशर्ट घालून स्वतः कोच बसले होते. उंच, खांदे पडलेला, झोप न झालेला माणूस. आसावरीबाईंनी मान वळवून त्यांना पुरतं न्याहाळलं.

आधी वॉल्ट बोलले, हीटिंगवर. मग एक बाई वेळापत्रकावर बोलल्या. एका गृहस्थांनी सांगितलं की टीमचा जुना निळा रंग शुभ होता, नवा जरा हिरव्याकडं झुकतो. डायरेक्टर बाई लिहून घेत होत्या. खरं काही लिहीत होत्या की नाही कोण जाणे. मग खानझोड्यांचं नाव पुकारलं.

ते उठले. वॉल्टनी अंगठा वर करून दाखवला, ते बघून ते जास्तच घाबरले. एका खिशात व्हार्निशचा, कोचचं नाव नसलेला रिपोर्ट होता, दुसऱ्यात खरा, आणि पहिलाच वाचायचा असं गाडीतून उतरेपर्यंत ठरलेलं होतं. पण सव्वीस वर्षांची सवय अशी एका रविवारी सुटत नाही. त्यांनी खऱ्या रिपोर्टाचा कागद उघडला आणि पाची प्रश्न, पाची उत्तरं एका दमात वाचून दाखवली. अंगठा अडतीस वेळा, जिंकले चार. पॅनकेक. सहाच मुलं.  वॉल्ट त्यांच्याकडं असे बघत होते जणू त्यांची बस कुणीतरी पळवून नेली होती.

"तुमचं म्हणणं, कोचना काढावं?" डायरेक्टर बाईंनी विचारलं.

"नाही," खानझोडे म्हणाले. "कुठलाही रिपोर्ट उपायाशिवाय पुरा होत नाही. उपाय असा, की शेवटच्या मिनिटासाठी दुसरा कुणीतरी ठेवा. बाकी एकोणचाळीस मिनिटं आणि रोजचा सराव यांच्याकडंच द्या. सराव हा माणूस फार चांगला घेतो. मी मोजलाय." आणि मग इंग्रजीत, अडखळत, त्यांनी क्लिपबोर्डची गोष्ट सांगितली. त्यातला डब्याचा भाग ते गाळणार होते, पण बायकोचा चेहरा बघून गाळला नाही.

मागच्या खुर्चीचा आवाज झाला. कोच उभे राहिले होते.

"अंगठ्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. कुणीतरी हसलं. "तुम्ही सगळे माझ्या बेंचजवळच बसता. सहा वर्षं मी तुमचं सगळं ऐकलंय. सुरुवातीला बरं वाटायचं. मग मी तीच कारणं घरी बायकोला सांगायला लागलो. गेल्या महिन्यात तर व्हार्निशवर माझा स्वतःचाच विश्वास बसला होता." ते खानझोड्यांकडं वळले. "असे प्रश्न मला कुणी विचारले नाहीत. तुम्ही चौथ्या वर्षी विचारले असते, तर आज वेगळं असतं."

"ते मी कबूल करतो," खानझोडे म्हणाले. त्या क्षणी त्यांना फार वाईट वाटलं.

बाहेर पडताना कोचनी आसावरीबाईंशी हात मिळवला. "त्या चपट्या भाकरीत कांदा होता ना?" त्यांनी विचारलं. "कांदा आणि ओवा," आसावरीबाई म्हणाल्या. आणि गाडीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "अर्धाच डबा द्यायचास? पूर्ण द्यायचा होता. किती वाळलाय तो!"

आठ दिवसांनी कॉलेजनं कोचना काढलं. खानझोड्यांचा उपाय कुणी वाचलाच नव्हता. वॉल्ट महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी फोन करून म्हणाले, "अंगठ्याचं मला तिसऱ्याच वर्षी कळलं होतं, रवी. पण बोलायला नको वाटायचं." दोघांनी पुढच्या हंगामाची तिकिटं काढली. नवा कोच आला आणि बगळे चक्क जिंकायला लागले. तिसऱ्या रांगेत बोलायला काही उरलं नाही. माणसं नुसती टाळ्या वाजवायची आणि घड्याळ बघायची.

कोच डगना इंडियानाच्या हद्दीजवळच्या एका कॉलेजात, मुलींच्या टीमचे असिस्टंट म्हणून नोकरी मिळाली. काम फक्त सरावाचं. सामन्यातले निर्णय घ्यायला तिथं चौतीस वर्षांच्या मुख्य कोच बाई होत्या. पुढच्या फेब्रुवारीत एका शनिवारी खानझोडे आणि आसावरीबाई दोन तास गाडी चालवत तिथं गेले. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या मिनिटात बाईंनी टाइमआउट घेतला, फळ्यावर काहीतरी काढलं. कोच डग मागं हाताची घडी घालून उभे होते. मुली चार गुणांनी जिंकल्या. फ्री थ्रो एकोणीसपैकी सतरा गेले. आसावरीबाईंनीच मोजले.

कोच खाली भेटले. वजन जरा वाढलं होतं, चेहऱ्यावर झोप होती.

"काहून जिंकल्या?" खानझोड्यांनी विचारलं. आनंदाच्या भरात तोंडातून मराठीच निघालं, मग त्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारलं.

"मला विचारू नका," कोच हसत म्हणाले आणि मुख्य कोच बाईंकडं बोट केलं. "त्यांना विचारा."

खानझोडे जाऊन रांगेत उभे राहिले. पुढं दोन मुलींचे आईबाप आणि कॉलेजच्या वर्तमानपत्राची एक वार्ताहर होती. बाईंनी त्यांना पाच मिनिटं देऊ केली, त्यांनी वीस घेतली. तोवर आसावरीबाईंनी बाहेर जाऊन काचेवरचा बर्फ खरवडून गाडी गरम करून ठेवली होती.